आइस्क्रीममधलं आणि क्रीममधलं इमल्सिफायर एकच का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बचत गटासाठी तुम्ही कोरफडीचा गर, खोबरेल तेल आणि मधमाशांचं मेण घेऊन क्रीम करता, आणि दोन दिवसांत त्याला पाणी सुटतं. दुकानदार म्हणाला, ‘इमल्सिफाइंग वॅक्स घाला.’ पण ‘इमल्सिफायर’ हाच शब्द तुम्हाला मुलाच्या आइस्क्रीमच्या डब्यावर दिसला, आणि सासऱ्यांच्या इंजेक्शनच्या पत्रकात ‘पॉलिसॉर्बेट ८०’ वाचायला मिळालं. खायचं, टोचायचं आणि तोंडाला फासायचं, तिन्हींत एकच रसायन कसं? ते बाधत नाही का? शिवाय जाता जाता विचारलंय की घरातल्या औषधाच्या बाटलीत वर थर आलाय, ती टाकून द्यावी का.

मी सव्वीस वर्षं याच कामात आहे. आधी औषध कारखान्यात, लिक्विड आणि ऑइंटमेंटच्या विभागात, नंतर क्रीम-लोशनमध्ये, आणि अधूनमधून बेकरीवाले अडले की त्यांच्याकडे. त्यामुळे तिन्ही बाजू थोड्या थोड्या पाहिल्या आहेत. उत्तर लांबेल, पण तुमचं क्रीम का फुटतं ते शेवटापर्यंत आलात तरच नीट कळेल.

सुरुवात रवीपासून करू. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तुपाचे बारीक थेंब. प्रत्येक थेंबावर प्रथिनं आणि फॉस्फोलिपिडं यांचं एक नाजूक कवच असतं, म्हणून ते थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. साय विरजून आपण ती घुसळतो तेव्हा त्या कवचांना धक्के बसून ती फाटतात, आतला मेद मेदाला चिकटतो आणि लोण्याचा गोळा वर येतो. आता चित्र उलटं झालं: आधी पाण्यात मेद होता, आता मेदात पाणी आहे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, ते बारीक थेंबांच्या रूपात आत अडकलेलं असतं. लोणी कढवताना सुरुवातीला जो चरचर आवाज येतो तो त्याच पाण्याचा. आणि फाटलेली कवचं जातात कुठे? बरीचशी ताकात. तर पायस बनवणं, मोडणं आणि उलटं करणं, ही तिन्ही कामं आपल्याकडे विषयाचं नाव न घेता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. शाळेच्या पुस्तकात इमल्शनला ‘पायस’ आणि इमल्सिफायरला ‘पायसीकारक’ म्हणतात. कारखान्यात ते शब्द कोणी वापरत नाही, मीही इथे वापरणार नाही.

आता थोडा हिशेब. पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा तेल घ्या आणि त्याचे एक मायक्रॉन व्यासाचे थेंब करा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या सगळ्या थेंबांचा पृष्ठभाग मिळून ३० चौरस मीटर होतो. म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट, मुंबईतलं एक वन-रूम-किचन! एवढ्या जागेवर तेल आणि पाणी एकमेकांना भिडलेले असतात आणि दोघांनाही ते नको असतं. संधी मिळाली की थेंब थेंबात मिसळून ही जागा कमी करत राहणार, शेवटी वर तेल आणि खाली पाणी. इमल्सिफायर ही सीमा अडवून बसतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून असतं, दुसरं लांब शेपूट तेलात बुडालेलं असतं. त्यामुळे थेंब फोडायला कमी जोर लागतो आणि फुटलेले थेंब पुन्हा जवळ आले तरी मध्ये कोणीतरी असतं.

हे काम जो करील तो इमल्सिफायर. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन करतं, दुधातलं केसीन करतं, साबण करतो, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक करतो. अगदी मोहरीची बारीक पूडसुद्धा थेंबांभोवती चिकटून थोडंफार करते. घन कणांनी धरलेल्या अशा इमल्शनला पिकरिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याचं काम १९०७ चं. म्हणून ‘इमल्सिफायर बाधतो का’ हा प्रश्न ‘नोकरदार माणूस चांगला असतो का’ असा आहे. कोणता आणि कुठे कामाला लावलाय, ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

तेलात पाणी राहील की पाण्यात तेल, हे काय जास्त घेतलं त्यापेक्षा इमल्सिफायर कोणाच्या बाजूचा आहे यावर ठरतं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बँक्रॉफ्टने १९१३ मध्ये सांगितलेला नियम अजून चालतो: इमल्सिफायर ज्यात जास्त विरघळतो, तो बाहेरचा. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ॲटलस पावडर कंपनीतल्या ग्रिफिनने याला आकडे दिले. त्याला एचएलबी म्हणतात, म्हणजे पाण्याची ओढ आणि तेलाची ओढ यांचा तोल. आकडा लहान, साधारण ३ ते ६, तर तो तेलाकडचा. ८ च्या वर तर पाण्याकडचा. स्पॅन आणि ट्वीन ही इमल्सिफायरांची व्यापारी नावं: स्पॅन ८० चा आकडा ४.३, ट्वीन ८० चा १५. तुमच्या पत्रकातलं पॉलिसॉर्बेट ८० म्हणजेच हे ट्वीन ८०. लिक्विड पॅराफिन या खनिज तेलाचं पातळ लोशन करायचं तर एकूण आकडा १० ते १२ च्या आसपास लागतो. १० हवा असेल तर ५३ भाग ट्वीन आणि ४७ भाग स्पॅन, असा साधा पाचवी-सहावीतला मिश्रणाचा हिशेब. नवी मुलं कामाला लागली की हा हिशेब वहीत करून खुश होतात आणि पहिलीच बॅच फुटते, कारण आकडा फक्त कोणत्या गल्लीत जायचं ते सांगतो, घर दाखवत नाही. पण दोन इमल्सिफायर जोडीने घातले तर एकट्यापेक्षा चांगली भिंत बांधतात, एवढं मात्र अगदी खरं.

आता खाण्याकडे येऊ. आइस्क्रीमची गंमत अशी की तिथे इमल्सिफायर इमल्शन टिकवायला घालतच नाहीत, थोडं मोडायला घालतात. मिश्रण होमोजनायझरमधून, म्हणजे थेंब बारीक करणाऱ्या यंत्रातून, निघालं की मेदाच्या बारीक थेंबांवर केसीनचं कवच घट्ट बसतं. ते इतकं छान बसतं की थेंब एकमेकांकडे बघतही नाहीत. मोनोग्लिसराइड हा मेदापासून केलेला इमल्सिफायर किंवा पॉलिसॉर्बेट ८० त्या प्रथिनाला थोडं बाजूला सारतात. मग मशिनमध्ये थंड होत घुसळलं जाताना थेंब अर्धवट चिकटतात आणि त्यांच्या साखळ्या हवेच्या बुडबुड्यांभोवती कुंपण घालतात. कपातलं आइस्क्रीम दहा मिनिटं तसंच उभं राहतं ते या कुंपणामुळे. लागणारी मात्रा अगदी किरकोळ असते: मोनोग्लिसराइड शेकडा ०.१ ते ०.३, पॉलिसॉर्बेट त्याहून कितीतरी कमी.

पावात निराळीच तऱ्हा. स्टार्चमधला अमायलोज हा गोल जिन्यासारखा असतो, मोनोग्लिसराइडचं शेपूट त्या जिन्यात शिरतं आणि स्टार्चला पुन्हा कडक व्हायला वेळ लागतो. पिशवीतला कापलेला पाव चौथ्या दिवशीही दबतो आणि इराण्याकडचा ब्रून संध्याकाळपर्यंत दगड होतो, त्यात हाही एक भाग आहे. बिनअंड्याच्या केकसाठी बेकरीवाले जे ‘केक जेल’ वापरतात तेही असल्याच दोन-तीन इमल्सिफायरांचं पाण्यातलं लोणचं. त्याचं काम तेल धरण्यापेक्षा हवा धरण्याचं. चॉकलेटमध्ये तर पाणी नसतंच म्हटलं तरी चालेल. तिथे लेसिथिन साखरेच्या कणांना कोकोच्या मेदात घसरतं करतं, म्हणजे महागडं कोको बटर कमी घालून भागतं. पण अर्ध्या टक्क्याच्या पुढे लेसिथिन वाढवलं की चॉकलेट उलट घट्ट व्हायला लागतं. मग कारखानदार ४७६ क्रमांकाचा दुसरा इमल्सिफायर घालतो. वेष्टनावर ३२२, म्हणजे लेसिथिन, आणि ४७६ जोडीने का दिसतात, त्याचं उत्तर एवढंच.

हे क्रमांक आले तसा एक फॉरवर्डही आला. ‘४७१ म्हणजे डुकराची चरबी’ हा संदेश मला वर्षातून दोनदा तरी येतो. ४७१ म्हणजे मेदाम्लांचे मोनो आणि डायग्लिसराइड. ती मेदाम्लं पामतेलातून येऊ शकतात, सोयाबीनमधून येऊ शकतात, प्राण्यांच्या चरबीतूनही येऊ शकतात. क्रमांकावरून ते कळत नाही, हे खरं. पण भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो आणि तो लावला म्हणजे ४७१ चा उगमसुद्धा शाकाहारी असावा लागतो. परदेशातून आणलेल्या पाकिटावर ठिपका नसेल तर शंका रास्त आहे, तिथे कंपनीला विचारावं. आणि ४७१ शरीराला परका आहे असं समजू नका. आपण तूप खाल्लं की स्वादुपिंडातला लायपेज त्याच्या रेणूची दोन मेदाम्लं तोडतो; उरतं ते मोनोग्लिसराइडच. पित्तातले क्षार, लेसिथिन आणि हे मोनोग्लिसराइड मिळून मेद पाण्यात धरून ठेवतात, म्हणून तो पचतो. म्हणजे रोज जेवणानंतर आतड्यात आपणच ४७१ बनवतो.

जुना इमल्सिफायर म्हणजे डिंक. सुदानकडचा अरबी डिंक संत्र्याच्या आणि कोलाच्या पेयांत सुगंधी तेल पाण्यात धरून ठेवतो. त्याच्यावाचून इतकं अडतं की १९९७ मध्ये अमेरिकेने सुदानवर निर्बंध घातले तेव्हाही डिंकाची वाट मोकळी ठेवली. संत्र्याच्या पेयाच्या बाटलीत गळ्याशी तेलकट कडं दिसतं ना, ते डिंकाचं गणित चुकल्याची खूण. तेल हलकं म्हणून वर येतं; थेंबाची त्रिज्या निम्मी केली तर वर यायचा वेग चौथाई होतो; आणि तेल पाण्याइतकं जड केलं तर ते वर येतच नाही. जड करायला पूर्वी ब्रोमीन जोडलेलं वनस्पती तेल घालत. भारताने ते १९९० मध्ये बंद केलं, अमेरिकेने मात्र थेट २०२४ मध्ये. हे तेल इमल्सिफायर नव्हे, पण त्याच्यामुळे इमल्सिफायरचंही नाव बदनाम झालं.

कोकणातल्या वाचकांसाठी एक: नारळाचं दूध हेही इमल्शनच, पण दुबळं. त्याला धरणारी नारळाची प्रथिनं उष्णतेने गोळा होतात आणि आंबटपणानेही. म्हणून सोलकढी गॅसवर ठेवत नाहीत आणि करून लगेच पितात. आमसुलाचं आगळ पडलं की प्रथिनांची एकमेकांना दूर ठेवणारी विद्युतभारी ढकल जाते. डब्यातलं नारळाचं दूध उकळूनही फुटत नाही, कारण त्यात बहुतेकदा पॉलिसॉर्बेट किंवा घट्टपणा आणणारे डिंक असतात. घरच्या दुधाची सोलकढी दोन तासांत वर साय धरते त्यात सुगरणीची काही चूक नाही.

औषधांचा भाग माझ्या जास्त जवळचा. फार्मसी कॉलेजात पहिल्या वर्षी चिनी मातीचा खल हातात आला आणि सर म्हणाले, ‘चार-दोन-एक.’ चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंकाची पूड. कोरड्या खलात डिंक तेलात घोळायचा, मग पाणी सगळं एकदम ओतायचं, थोडं थोडं नाही, आणि एकाच दिशेने जोरात खलायचं. जमलं की बत्त्याखाली चटचट असा आवाज येतो आणि पिवळट तेल क्षणात पांढरं होतं. मापाचा ग्लास ओला राहिला असेल, डिंकाला आधीच पाणी लागलं असेल, तर तो आवाज येतच नाही. तो आला नाही की पुढे कितीही खला, काही होत नाही. माझं पहिलं लिक्विड पॅराफिनचं इमल्शन तीनदा फसलं, कारण त्या खनिज तेलाला प्रमाण तीन-दोन-एक लागतं आणि मी चारवरच अडून बसलो होतो. पोट साफ करायचं पांढरं औषध, कॉड लिव्हर तेलाचं औषध, एरंडेलाचं मिश्रण, ही सगळी याच घराण्यातली. तेलाची चव जिभेला थेट लागू नये, हा मूळ हेतू.

तोंडावाटे घ्यायच्या औषधात थेंब पाच मायक्रॉनचा असो की वीसचा, पोटाला फरक पडत नाही. शिरेत मात्र सगळंच बदलतं. ज्या रुग्णाला खाता येत नाही त्याला सलाईनसारखी पांढरी बाटली लावतात, ती सोयाबीन तेलाची असते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या व्रेटलिंड यांनी अंड्यातलं लेसिथिन वापरून ती सुरक्षित केली. त्याआधीच्या तऱ्हेतऱ्हेच्या तेल-इमल्शनांनी रुग्णांना थंडी-ताप आणि त्याहून वाईट भोगायला लावलं होतं. आज १० टक्के तेलाला १.२ टक्का लेसिथिन हे प्रमाण रूढ आहे. थेंबाचा सरासरी व्यास अर्ध्या मायक्रॉनच्या आत हवा आणि पाच मायक्रॉनहून मोठे थेंब एकूण मेदाच्या ०.०५ टक्क्याच्या पुढे जाता कामा नयेत, कारण आपल्या केशवाहिन्या तेवढ्याच अरुंद असतात. म्हणजे क्रीम फुटलं तर ग्राहकाची तक्रार येते. ही बाटली फुटली तर फुप्फुसात तेल अडकतं.

ऑपरेशनआधी देतात ते दुधासारखं प्रोपोफोल हे याच पद्धतीचं. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. औषध पाण्यात विरघळत नव्हतं, म्हणून आधी ते क्रेमोफोर या एरंडेलापासून केलेल्या इमल्सिफायरमध्ये विरघळवलं. काही रुग्णांना जोरदार ॲलर्जी उठली आणि ते मागे घ्यावं लागलं. औषध तेच ठेवून सोयाबीन तेल आणि लेसिथिनच्या इमल्शनमध्ये नव्याने केलं आणि १९८६ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं. आज जगभर भूल देताना तेच वापरतात. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधाचं मूळ रूप मात्र त्याच क्रेमोफोरमध्ये राहिलं. म्हणून ते देण्याआधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधं टोचतात, आणि साध्या पीव्हीसीच्या पिशवीऐवजी काचेची बाटली किंवा निराळं प्लास्टिक वापरतात, कारण क्रेमोफोर पीव्हीसीतलं मऊपणा आणणारं रसायन ओढून घेतो. ज्या घरात हे इंजेक्शन चालू आहे त्यांनी ‘आधी एवढी इंजेक्शनं कशाला’ असं नर्सशी भांडू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आणि आता तुमच्या मूळ भीतीकडे येऊ. १९८३-८४ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शिरेतून द्यायचं जीवनसत्त्व ई चं एक औषध आलं होतं. पाण्यात न मिसळणारं जीवनसत्त्व मिसळावं म्हणून त्यात पॉलिसॉर्बेट ८० आणि २० भरपूर घातले होते. ते मागे घेईपर्यंत ३८ बाळं दगावली. हेच पॉलिसॉर्बेट तोंडावाटे घेण्याची जागतिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला २५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या २० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅम. आइस्क्रीममध्ये शेकडा ०.०५ धरलं तर मुलाने रोज एक किलो आइस्क्रीम खायला हवं. त्याच्या कितीतरी आधी साखरेच्या भीतीनेच आपण त्याचा हात धरू. रेणू एकच, पण आतड्यात तो तुटतो आणि फारच थोडा रक्तात जातो. शिरेत गेला तर थेट रक्तात, आणि दीड किलोच्या बाळाचं यकृत ते पेलू शकत नाही. सासऱ्यांच्या इंजेक्शनमध्ये पॉलिसॉर्बेट लिहिलंय, त्याची मात्रा औषधाला मंजुरी देताना तपासलेली असते. डॉक्टरांना विचारायचं असेल तर ‘यात पॉलिसॉर्बेट आहे का’ असं नको, ‘आधी कधी इंजेक्शनने अंगावर पुरळ किंवा दम लागला होता’ हे सांगा. त्याचा उपयोग होईल.

मग खाण्यातलं अगदी निर्धोक का? इथे मी जरा हात राखून बोलतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना पाण्यातून पॉलिसॉर्बेट ८० आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज दिलं, तेव्हा आतड्यातल्या श्लेष्माचा थर विस्कळीत झाला, जिवाणू भिंतीजवळ सरकले, वजन आणि साखर वाढली. पुढे माणसांवरही एक लहान प्रयोग झाला: १६ निरोगी माणसं, त्यांतल्या काहींना ११ दिवस रोज १५ ग्रॅम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटली. पण १५ ग्रॅम हा डोस साधा माणूस खाऊन गाठणार नाही, आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हा मुळात घट्टपणा आणणारा पदार्थ आहे. लेसिथिन आणि ४७१ यांना याच पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. माझ्या घरात आतड्याला सूज येण्याचा आजार असलेलं माणूस असतं तर मी ४३३ (पॉलिसॉर्बेट ८०) आणि ४६६ (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) हे दोन क्रमांक बघून टाळले असते. बाकीच्यांना मी एवढंच म्हणतो की ज्या पाकिटावर पाच इमल्सिफायर आहेत त्यात साखर, मैदा आणि मीठही भरपूर असतं, आणि रोजच्या डब्यासाठी ते तसंही नको.

त्वचेचं काम सोपं आहे आणि फसवंही. वरचा मेलेला थर इमल्सिफायरला फारसं आत जाऊ देत नाही. पण साबणी स्वभावाचा, म्हणजे विद्युतभार असलेला इमल्सिफायर त्या थरातला नैसर्गिक मेदच धुऊन नेतो. म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट घातलेलं इमल्सिफाइंग वॅक्स हात फुटलेल्या बाईला चुरचुरतं. त्याऐवजी सेटोमॅक्रोगॉल किंवा सेटिअरेथ २० हे विद्युतभार नसलेले इमल्सिफायर असलेलं घ्यावं. दुकानात दोन्ही ‘इमल्सिफाइंग वॅक्स’ याच नावाने मिळतात, तेव्हा डब्यावरची घटकांची ओळ वाचा आणि मगच पैसे द्या.

तुमचं क्रीम फुटतं कारण मेण हे एकट्याने इमल्सिफायरचं काम करत नाही. ते तेल घट्ट करतं. थंड होताना थोडं पाणी त्या घट्टपणात अडकून बसतं आणि तुम्हाला वाटतं जमलं. कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांच्या वर पाणी आहे. ते अडकलेलं पाणी दोन दिवसांत बाहेर पडतं. रोमन काळातल्या गॅलेन या वैद्याचं कोल्ड क्रीम मेण, तेल आणि गुलाबपाण्याचंच होतं आणि तेही सुटायचं. पुढे कोणाला तरी बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, सुचला: मेणातलं मुक्त आम्ल आणि बोरॅक्स मिळून तिथल्या तिथे साबण तयार होतो आणि तो इमल्सिफायर बनतो. पण बोरेट्सवर युरोपात आता कडक बंधनं आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडचं शतधौत घृत मात्र मला फार आवडतं. तांब्याच्या परातीत तूप शंभर वेळा पाण्याने धुवायचं, म्हणजे दरवेळी पाणी घालून हाताने फेटायचं आणि उरलेलं पाणी काढून टाकायचं. शेवटी ते पांढरंशुभ्र, गार, लोण्याहून हलकं होतं. तुपात पाणी आणि हवा इतकी बारीक होऊन बसते की दाणे लागत नाहीत. इमल्सिफायरचं काम इथे मनगटाने केलं.

तुम्हाला मनगट वाचवायचं असेल तर शंभर ग्रॅमसाठी हे करून बघा. एका भांड्यात १५ ग्रॅम खोबरेल तेल, ६ ग्रॅम सेटोमॅक्रोगॉलचं इमल्सिफाइंग वॅक्स आणि अडीच ग्रॅम सेटिल अल्कोहोल (क्रीमला घट्टपणा देणारं मेणासारखं द्रव्य). दुसऱ्यात साडेबहात्तर ग्रॅम डिस्टिल्ड पाणी आणि ३ ग्रॅम ग्लिसरीन. दोन्ही भांडी गरम पाण्यात ठेवून ७० ते ७५ अंशांवर आणा. दोन्ही, हे महत्त्वाचं. उमेदवारीच्या काळात मी एकदा मेण पंचाहत्तरला आणि पाणी पन्नासला घेतलं, कारण जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. २०० किलोच्या टाकीत मेणाचे दाणे झाले, हुबेहूब भिजवलेला साबुदाणा. सुपरवायझरने झाकण उघडून बघितलं आणि शांतपणे विचारलं, ‘दाण्याचं कूट कुठे घालायचं?’ सगळी बॅच पुन्हा वितळवावी लागली. तर पाणी मेणात ओतून हँड ब्लेंडरने एक-दोन मिनिटं फिरवा, मग चमच्याने हळूहळू ढवळत थंड होऊ द्या. हवा कोंडू नका. ४० अंशांच्या खाली आलं की १ ग्रॅम फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण घाला. हे परिरक्षक वगळू नका. पाणी आलं तिथे बुरशी आणि जिवाणू आलेच, आणि एक टक्क्याच्या पुढेही जाऊ नका. ताज्या कोरफडीचा गर सध्या बाजूला ठेवा. त्यातली साखर आणि प्रथिनं परिरक्षकाला हरवतात. हवाच असेल तर बाजारातली सुकी पूड अर्धा टक्का पाण्यात घाला.

झाल्यावर एक बरणी फ्रिजमध्ये, एक खिडकीपाशी आणि एक ४० अंशांच्या आसपास गरम कोपऱ्यात, महिनाभर ठेवा. विदर्भात माल पाठवायचा विचार असेल तर तिसरी बरणीच खरी परीक्षा. आणि विक्रीसाठी करणार असाल तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. बचत गट आहे म्हणून सूट मिळत नाही. परवान्यासाठी जागा आणि तांत्रिक माणूस दाखवावा लागतो, म्हणून पाच-सहा गटांनी एकत्र येऊन एकच जागा केली तर परवडेल. तोवर परवाना असलेल्या एखाद्या छोट्या कारखान्याकडून बनवून घेणं हा मधला मार्ग आहे.

राहिली ती औषधाची बाटली. झाकण घट्ट लावून दहा-बारा वेळा हलवा. वरचा पांढरा थर पुन्हा सगळीकडे सारखा मिसळला आणि पाच-दहा मिनिटं तसाच राहिला, तर औषधाने फक्त साय धरली होती. मोठे थेंब वर आले, पण कवचं शाबूत आहेत. प्रत्येक वेळी हलवून घ्या, नाहीतर आज पहिल्या चमच्यात सगळं तेल आणि शेवटच्या आठवड्यात नुसतं पाणी, असं व्हायचं. मात्र हलवूनही वर तेलाचे चकचकीत डोळे दिसत असतील, रश्शावरच्या तर्रीसारखे, तर ते फाटलं आहे आणि कितीही हलवून परत जमणार नाही. बाटली फ्रीझरमध्ये ठेवली होती का, ते घरी विचारा. बर्फाचे स्फटिक कवचं फाडतात आणि फाटण्याचं ते नेहमीचं कारण आहे. दुकानातून आणल्यापासूनच तशी असेल तर बॅच क्रमांक दाखवून केमिस्टकडून बदलून घ्या.